वाचल्याशिवाय सही नाही

प्रज्ञाताईंच्या कार्यक्रमाहून परतताना दर वेळी वाटतं की आता बस झाले किस्से. आणखी सांगत बसलो तर लोक आपल्याला टाळायला लागतील. मग पुढचा कार्यक्रम होतो आणि आणखी दोन किस्से पदरात पडतात. जळगावातल्या माझ्या मैत्रिणी तर चहा मागवायच्या आधीच विचारतात, "काय गं, या वेळी कुणाची जिरली?"

ताईंना ओळखत नसाल तर थोडक्यात सांगते. ताई किशोरवयीन मुलामुलींसाठी कादंबऱ्या लिहितात. मूळच्या शिरपूरच्या, राहतात धुळ्यात. पुस्तकावर नाव छापतात 'प्रज्ञा सुमन'. सुमन हे त्यांच्या आईचं नाव. त्यांची गाजलेली कादंबरी म्हणजे 'नापास मुलींची टीम'. गणितात नापास झालेल्या मुली काजल नावाच्या मुलीच्या नादाने कबड्डीची टीम काढतात आणि शेवटी धुळ्याला मॅच खेळायला जातात. जिंकतात की हरतात ते मी सांगणार नाही. का नाही, ते पुढे कळेल.

मी जळगावातल्या एका लहानशा प्रकाशनात काम करते. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. एम.ए. करून इथं लागले तेव्हा वाटलं होतं, पुस्तकांचं संपादन करीन. अण्णांनी ताईंचे कार्यक्रम माझ्या गळ्यात टाकले. म्हणजे बॅनर, माईक, पुस्तकांचे खोके. आणि सगळ्यात अवघड सामान म्हणजे व्यासपीठावरचे ज्येष्ठ. खोके निदान ठेवले तिथं गप्प बसतात.

* * *

आधी ताई चारचौघा लेखकांसारख्याच सही करायच्या. जळगावजवळच्या एका शाळेने त्यांचं पुस्तक वर्गभर मुलांसाठी घेतलं. ताईंनी अख्खी दुपार बसून प्रत्येक मुलाचं नाव विचारलं आणि 'प्रिय अमुकला' असं लिहून सही केली. हात दुखला, पण खूश होत्या.

पुढच्या वर्षी त्याच शाळेत पुन्हा जाणं झालं. ताईंनी उत्साहाने विचारलं, "काजल आवडली का?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. काजल कोण, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मुख्याध्यापक सर अभिमानाने आम्हाला ऑफिसात घेऊन गेले. तिथं काचेचं कपाट होतं आणि कपाटात ताईंची पुस्तकं एका रांगेत उभी होती. प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर.

"एकालाही हात लावू दिलेला नाही, मॅडम," सर म्हणाले. "लेखकाची सही असलेली पुस्तकं आहेत. मुलं घाण करतात."

ताईंनी एक पुस्तक बाहेर काढलं. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात होतं, 'प्रिय योगेशला'.

"योगेश कुठंय?"

"योगेश ना? तो दहावी होऊन गेला."

रिक्षातून उतरताना ताई एवढंच म्हणाल्या, "आजपासून वाचल्याशिवाय सही नाही."

मला वाटलं, रागात आहेत, चार दिवसांनी विसरतील. त्या विसरल्या नाहीत. तेव्हापासून नियम असा आहे. आधी पुस्तक वाचायचं आणि पुढच्या कार्यक्रमाला घेऊन यायचं. सही पहिल्या पानावर मिळत नाही. ताई पेन उघडतात आणि विचारतात, "कुठं करू?" वाचणाऱ्याने पान दाखवायचं. जे पान त्याचं झालं, त्या पानावर सही.

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अहो, लोक सहीसाठी पुस्तक घेतात. वाचायला कोण घेतं?"

हे एक प्रकाशक बोलत होते, हं!

"विक्री अशी बसली ना," अण्णा पुढे म्हणाले, "तर तुमचे दौरे बंद करावे लागतील मला." त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमानंतर त्यांनी ही धमकी दिली. ताईंना भाषणाची हौस नाही, हारतुऱ्यांची तर मुळीच नाही. पण मुलांसमोर बसून वाचणं बंद झालं तर त्यांचं लिहिणंही बंद पडेल, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि अण्णांनाही पक्कं माहीत होतं.

* * *

नियम झाल्यानंतर पहिलंच पुस्तक प्रदर्शन जळगावात. कॉलेजातला एक मुलगा स्टॉलवर आला. केस नुकतेच सेट केलेले, हातात आत्ता घेतलेलं कोरं पुस्तक.

"सही पाहिजे."

"वाचलंय का?"

"हो, वाचलंय ना."

ताई कुणाची परीक्षा घेत नाहीत. त्यांनी पेन उघडलं. "कुठं करू?"

"शेवटच्या पानावर करा. त्या जिंकतात ना, तिथं."

ताईंनी पेन मिटलं. "त्या जिंकतात हे कुणी सांगितलं तुला?"

"म्हणजे हरतात?"

"हे तरी कुणी सांगितलं?"

मुलगा हसला, कानापर्यंत लाल झाला आणि आमच्या खोक्यावर जाऊन बसला. बसला तो बसलाच. आम्ही स्टॉल आवरायला घेतला तेव्हा तो उठून आला आणि पुस्तक मधेच कुठेतरी उघडून धरलं. काजल चोरून वडिलांची सायकल घेऊन सरावाला जाते, ते पान.

"शेवटचं पान नको?" ताईंनी विचारलं.

"नको. या पानावर होतो तेव्हा माझी चाळीसगावची बस गेली."

ताईंनी बस गेली त्याच ओळीखाली सही केली. अण्णा त्याला स्वतःच्या स्कूटरवर रेल्वे स्टेशनला सोडून आले आणि आल्यावर मला म्हणाले, "एका सहीपायी आता पेट्रोलही माझंच."

* * *

सानिया आठवीतली. जळगावातल्याच एका शाळेतली. रांगेत तिचा नंबर आला तेव्हा तिने 'कुठं करू' विचारायची वाटच बघितली नाही.

"ताई, हे पान बघा. कोर्टवर आठ जणी आहेत."

कबड्डीत एका बाजूला सात जण खेळतात, हे लहान पोरही सांगेल. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला, कारण पुस्तकाची दुसरी आवृत्ती तेवढ्यातच छापून आली होती.

"अशा कशा आठ?" ताई म्हणाल्या.

"सुनीताचा पाय मुरगळला आणि ती बाहेर बसली. तिच्या जागी भारती आली. पण पान उलटलं की सुनीता पुन्हा आत उभी आहे. आणि भारती पण आहे." सानियाने कमरेवर हात ठेवले. "रेफरीनं बघितलं नाही का?"

ताईंनी पान पुढे-मागे केलं. ओठ हलवत एकेक नाव बोटांवर मोजलं. आठ.

दुसरा कुठला लेखक असता तर म्हणाला असता, हुशार आहेस हं, आणि गाल ओढून पुढच्याला बोलावलं असतं. मी असे बघितलेत. ताईंनी त्याच पानाच्या समासात लिहिलं, 'आठवी मीच होते. मधेच घुसले. सॉरी.' आणि खाली सही केली.

अण्णा घाईघाईने म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून टाकू, बेटा."

सानियाने पुस्तक छातीशी धरलं. थोडा विचार केला.

"करा दुरुस्त. पण मग ताईंना खेळायला मिळणार नाही."

* * *

रावेरचा कार्यक्रम एका केळीवाल्या आबांनी ठेवला होता. त्यांच्या पॅकिंग शेडसमोरच्या मोकळ्या जागेत. आम्ही पोचलो तर तिथं पांढऱ्या फक्कीने झकास कबड्डीचं मैदान आखलेलं. मधली रेषा, बोनस रेषा, सगळं. बाजूला शिट्टी घेतलेला एक माणूस.

आबांनी पुस्तक वाचलं नव्हतं. शीर्षक वाचलं होतं आणि मुखपृष्ठावरचं कबड्डीचं चित्र बघितलं होतं. त्यावरून ते धरून चालले की ताई कबड्डीच्या कोच आहेत. बॅनरवर तसं छापूनही घेतलं होतं. पंचक्रोशीतल्या मुलीमुलांना खेळायच्या कपड्यांत बोलावलं होतं.

माझं डोकं तापलं. आठवडाभर आधी मी स्वतः फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं. पण आमच्याकडे ज्येष्ठांना फोनवर काही सांगितलं की ते "हो हो, आलं लक्षात" म्हणतात, आणि तेव्हाच समजायचं की आलेलं नाही.

ताई मात्र चपला काढून सरळ मैदानात गेल्या आणि मधोमध मांडी घालून बसल्या. मुलांना चारी बाजूंना बसवलं. सायकलीचं प्रकरण वाचलं. मग म्हणाल्या, "आता प्रश्न. ज्याला विचारायचंय त्यानं रेषा ओलांडून आत यायचं आणि एका दमात विचारायचं. दम तुटला की बाद."

मग काय, पोरं सुटलीच. एकेक जण छाती भरून आत शिरायचा. 'ताई-तुम्ही-गणितात-कधी-नापास-झाल्या-होत्या-का' असं सुसाट विचारायचा आणि पळत रेषेबाहेर. ताई उत्तर द्यायच्या. त्या झाल्या होत्या. दोनदा.

शेवटी निवेदकाने माईकवर जाहीर केलं, "आता आबांचं अध्यक्षीय भाषण." आबा उठले. खिशातून कागदांची जाडजूड घडी काढली. ती घडी बघून शिट्टीवालासुद्धा खाली बसला.

ताई जागच्या जागीच बसून म्हणाल्या, "आबा, नियम सगळ्यांना सारखा."

पोरांनी गलका केला. आबांनी कागदांकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. मग टोपी नीट केली, कागद खिशात घातले आणि रेषेवर आले. मोठा श्वास घेतला.

"पोरायहो-वाचत-जा-केळी-खात-जा-मोबाईल-कमी-करा-ताईंचे-लय-लय-आभार!"

आणि आबा मागे पळाले. टाळ्या थांबेनात.

नंतर केळीचा अख्खा घड आमच्या गाडीत ठेवताना आबा मला हळूच म्हणाले, "पोरी, माह्या भाषनाले टाळ्या पडल्या त्या आज पहिल्यांदाच."

* * *

धुळ्याला एका वाचनालयात वाचन होतं. प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. कार्यक्रमाआधी चहा चालला होता.

"प्रज्ञा सुमन," सर पत्रिका वाचत म्हणाले. "सुमन हे आडनाव नाही ऐकलं कधी."

"आईचं नाव आहे, सर."

"ते ठीक. पण मूळ आडनाव?"

आपल्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात ते शेंबड्या पोराला कळतं. आधी गाव, मग आडनाव, मग 'अच्छा, अच्छा' म्हणत खुर्चीत मागे टेकणं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ताईंनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

"मूळ आडनाव मी काजलला देऊन टाकलं," त्या म्हणाल्या. "पुस्तकात आहे."

"कितव्या पानावर?"

"ते नाही बाई आठवत."

ताईंना त्यांच्या पुस्तकातला स्वल्पविरामसुद्धा कुठल्या पानावर आहे ते आठवतं. सरांनी पुस्तक घेतलं, काखेत धरलं आणि भाषणात मुलांनी काय वाचावं यावर भरपूर बोलले. ताईंना वाचायला वेळ उरला तो चिमूटभर. त्यांनी एकच पान वाचलं, पण हॉल चिडीचूप होता.

दोनेक आठवड्यांनी ऑफिसात फोन आला. सर. ताई नेमक्या समोरच बसल्या होत्या, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"काजलच्या आईनं मॅचचा निरोप लपवायला नको होता," सरांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"ती घाबरली होती, सर," ताई म्हणाल्या.

"घाबरली, मान्य. मला मान्य आहे. पण पोरगी रोज दाराकडे बघते आणि आई निरोप डब्यात लपवून ठेवते? हे बरोबर नाही. मी सौभाग्यवतींना वाचून दाखवलं, त्यांचंही हेच मत पडलं."

"तुम्ही काय केलं असतं?"

पलीकडून सरांचा घसा साफ केल्याचा आवाज. "माझी मुलगी धावायची. कॉलेजात असताना." पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. "असो. पण आईनं सांगायला हवं होतं."

बराच वेळ दोघं भांडले. ताई वही पुढे ओढून काहीबाही लिहून घेत होत्या, डोळे चमकत होते. मला शेवटी राहवलं नाही.

"सर, आडनाव सापडलं का?"

"आडनाव? कुणाचं आडनाव?"

* * *

आता शिरपूरचा.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या बाजूला एका गावात शाळा आहे. संस्थेचे अध्यक्ष नाना. त्यांनी अण्णांना फोन केला. संस्थेच्या सगळ्या शाळांसाठी ताईंचं पुस्तक घ्यायचं ठरत होतं. नमुन्याचा एक गठ्ठा त्यांनी आधीच नेला होता. बाकीच्यांची ऑर्डर कार्यक्रमानंतर. अट एकच. ताईंनी व्यासपीठावर बसून त्या गठ्ठ्यावर सह्या करायच्या, फोटो निघेल, मग पुस्तकं मुलांना वाटली जातील.

अण्णांनी या वेळी आवाज चढवला नाही, म्हणून मला भीती वाटली.

"ताई, हे एवढं करा," ते म्हणाले. "ही ऑर्डर आली तर पुढचे दौरे होतील. तुमची नवीन कादंबरी छापता येईल. नाही आली तर मला खरंच जमणार नाही. धमकी देत नाहीये."

ताई म्हणाल्या, "बघू तिथं जाऊन."

या वेळी अण्णा स्वतः बरोबर आले. ताईंवर नजर ठेवायला.

शाळेत मंडप, हार, शाल, श्रीफळ, सगळं तयार. व्यासपीठाच्या मागे काचेचं कपाट आणि त्यात आमची पुस्तकं. किल्ली नानांच्या जानव्याला नव्हती एवढंच, बाकी कमरेलाच होती. ताईंनी कपाट बघितलं आणि मला कळलं की ऑर्डर गेली.

"नाना, पोरांना वाचायला का नाही दिली?"

"सही झाल्याशिवाय कशी वाटणार?" नाना म्हणाले. "सही झाली की वाटू."

"मी वाचल्याशिवाय सही करत नाही."

"सही झाल्याशिवाय आम्ही वाटत नाही."

दोघंही हसत हसत बोलत होते, पण कुणीही हलत नव्हतं. अण्णांनी घाम पुसला. ताई माईकजवळ गेल्या आणि मुलांना विचारलं, "हे पुस्तक कुणी वाचलंय?"

एकही हात वर झाला नाही.

"कसं वाचतील?" नाना म्हणाले. "कपाटात आहे."

तेवढ्यात नववीच्या ओळीतून एक मुलगी उठली. दामिनी तिचं नाव. तिने शिक्षकांकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि दप्तरातून काहीतरी काढून पाठीमागे लपवलं.

"मी वाचलंय. पण पुस्तक नाहीये."

"मग काय आहे?" ताईंनी विचारलं.

तिने हात पुढे केला. पुस्तकाचा एक तुकडा होता. एका प्रकरणाची पानं, काळ्या दोऱ्याने शिवलेली, वरून कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर. मग शेजारची उठली. तिच्याकडे दुसरा तुकडा. मग मागच्या ओळीतली दोघं. दामिनीच्या मावसबहिणीने धुळ्याहून एकच पुस्तक आणलं होतं आणि वाचणारा अख्खा वर्ग. म्हणून त्यांनी प्रकरणं सुटी केली, एकेक शिवलं आणि दर शनिवारी अदलाबदल. आधीचा तुकडा वाचल्याशिवाय पुढचा मिळायचा नाही, हा वर्गाचा नियम. पुस्तक फाडल्याचं कळलं तर मार बसेल म्हणून कुणी बोलत नव्हतं.

"पुस्तक फाडलं?" नाना उभेच राहिले. "अरे, सरस्वती आहे ती. ही संस्कृती? अण्णा, हे असलं चालणार असेल तर आमची ऑर्डर रद्द समजा."

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. मी तर डोळेच मिटले. अण्णांनी दामिनीच्या हातातला तुकडा घेतला. पानांचे कोपरे गोल झाले होते, एका जागी तेलाचा डाग, एका ओळीखाली पेन्सिलची रेघ.

"नाना," ते म्हणाले, "गोदामात कुजलेली पुस्तकं मी बघितली. उंदरांनी खाल्लेली बघितली. पोरांनी वाचून वाचून झिजवलेलं आज पहिल्यांदा बघतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढचा कार्यक्रम कुठं घेतलायस गं? रद्दबिद्द नाही ना केलास?"

ताई व्यासपीठावरून उतरून खाली सतरंजीवर बसल्या. एकेक तुकडा पुढे येत गेला. "कुठं करू?" "इथं, तिची आई चिडते तिथं." "कुठं करू?" "कुठंही. नाही, थांबा, या ओळीवर." सह्या करता करता ताई थांबल्या.

"शेवटचं प्रकरण कुणाकडे आहे?"

मुलांनी दामिनीकडे बघितलं. मग दामिनी म्हणाली, "छायाकडं. पहिल्याच दिवशी तिच्याकडं ठेवायला दिलं. दुसऱ्या कुणाकडं दिलं असतं तर त्यानं वाचून सगळ्यांना सांगून टाकलं असतं. छायाच्या पोटात राहतं."

"छाया कुठंय?"

"ती दिवाळीपासून येत नाही. आईबाप कापूस वेचायला जातात. धाकट्या भावाला सांभाळते."

म्हणजे शेवट काय होतो ते वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. "तुम्हीच सांगा ना," एक मुलगा म्हणाला. ताईंनी पेन खिशात टाकलं आणि उठल्या. "छायाचं घर कुठं आहे?"

अख्खा वर्ग निघाला. त्यामागे मी आणि धापा टाकत अण्णा. आणि सगळ्यांच्या मागे नाना, एका हातात शाल, एका हातात नारळ. "अहो, सत्कार राहिला," असं ओरडत ते गावभर आमच्या मागे आले.

बाजाराचा दिवस होता, मजुरीला सुट्टी, म्हणून छायाची आई घरी होती. तिने अंगणात एवढी माणसं बघितली, त्यात संस्थेचे नाना, त्यांच्या हातात शाल आणि नारळ. तिने झटकन डोक्यावर पदर घेतला आणि दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली.

"नाना, आमनी पोर आजून न्हानी शे. आमले तिनं लगीन करनं नही."

नानांना नारळ कुठं लपवू आणि शाल कुठं लपवू असं झालं.

"लगीन नही, अक्का," ताई म्हणाल्या. "पुस्तक शे."

छाया आईच्या मागून बाहेर आली. कडेवर भाऊ. दामिनीने तिला सांगितलं, ताई सही करतात, तुझा तुकडा आण. छाया आत गेली आणि घेऊन आली. तोही शिवलेला होता, पण इतरांसारखा मळलेला नव्हता. अगदी कोरा.

ताईंनी पेन उघडलं. "कुठं करू?"

छायाने मान हलवली. "मी नाही वाचलं."

"इतके महिने तुझ्याजवळ आहे ना?"

"मधलं राहिलंय माझं. सायकलीच्या पुढचं. ते वाचल्याशिवाय हे कसं वाचायचं?"

एक कोंबडी मधूनच अंगण ओलांडून गेली.

"करी द्या ना सही, ताई," आई म्हणाली. "इतला दूर उनात ते." एवढ्या लांब आलाच आहात तर, असं तिचं म्हणणं.

"वाचाबिगर मी सही करस नही, अक्का."

"मंग?"

"मधला भाग शाळामा शे."

आईने ताईंकडे बघितलं. मग पोरांच्या हातातल्या तुकड्यांकडे बघितलं, एकेक करून. मग तिने छायाच्या कडेवरचा मुलगा घेतला, पुढे झाली आणि नानांच्या हातातला नारळ काढून ओट्यावर ठेवला.

"धरा जरासा, नाना," म्हणत तिने पोर त्यांच्या हातात दिलं आणि आत गेली. आतल्या खुंटीवरचं छायाचं दप्तर काढलं आणि त्यात भरून ठेवलेला सगळा लसूण सुपात ओतला.